सोमवारचा शिक्का

इन्सब्रुकजवळ, ऑस्ट्रिया
दि. १० मे १९९८

ती. आईस,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं एप्रिलचं पत्र आणि नाचणीच्या पापडांचं पार्सल एकाच दिवशी हाती आलं. पापड निम्मे मोडले होते. आम्ही तो चुरा भाताबरोबर खाल्ला. मनोजचं म्हणणं असं, की सासूबाईंचा पापड मोडला तरी वाकत नाही, अगदी त्यांच्यासारखा आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे पुढच्या वेळी त्याच्या वाट्याचे कमी घालशील.

इथली थंडी सरली. गावामागच्या डोंगरावर निम्म्यापासून वर अजून बर्फ आहे आणि खाली कुरणात पिवळी फुलं आली आहेत. एकाच खिडकीतून दोन ऋतू दिसतात. मनोज त्याच्या रोपवेच्या कारखान्यात खूश आहे. माझं रोपवाटिकेतलं काम तेच, दिवसभर मातीत हात. नाशिकची म्हणून इथल्या बायका मला द्राक्षवेलींच्या छाटणीबद्दल विचारतात. मी वाढले देवळालीच्या पोस्टाच्या क्वार्टरमध्ये. मला द्राक्षं फक्त खाता येतात, हे त्यांना पटत नाही.

आता एक सांगायचं आहे. आधी खाली बस.

मागच्या ऑगस्टात, पाचव्या महिन्यात बाळ गेलं. त्यानंतर माझं काय झालं होतं, ते तुला पत्रांतून जेवढं कळलं तेवढंच माहीत आहे. कामावरून आले की मी पडदे ओढून बसायची. मनोज बोलायचा आणि मला ऐकूच यायचं नाही. एका रविवारी त्याने मला जबरदस्तीने रोपवेत बसवून वर नेलं. वर गवताच्या उतारावर माणसं मोठाले रंगीत कापडी पंख पसरत होती, त्यांच्या दोऱ्या सारख्या करत होती आणि दहा पावलं पळून हवेत जात होती. इंजिन नाही, आवाज नाही. साठीची एक बाई गेली, आई. घरी विणलेला स्वेटर घालून. त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी मी तोंडाने काहीतरी मागितलं. मनोजला म्हटलं, की मला हे शिकायचं आहे.

तर ऑक्टोबरपासून आम्ही दोघंही शिकलो. याला पॅराग्लायडिंग म्हणतात. परीक्षा झाली, परवाना मिळाला, आणि आता हवा बरी असेल त्या शनिवारी आम्ही उडतो. इतके महिने सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं. रागावलीस तर पत्रात राग लिही. पत्र मात्र थांबवू नकोस.

माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागते.

तुझी,
योगिनी

•

देवळाली कॅम्प
दि. २४ मे १९९८

चि. सौ. योगिनीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तू बस म्हणायच्या आधीच मी बसले होते. ओट्यावर गवार मोडत होते, तेवढ्यात वाल्मीक पत्र घेऊन आला. तुझ्या अण्णांच्या हाताखाली शिकलेला पोस्टमन तो, पाकीट देताना अजूनही अण्णांच्या फोटोकडे बघून मान हलवतो. पुढचं वाचलं आणि गवार तशीच राहिली.

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. शेजारच्या ज्योत्स्नाला सांगितलं, तर ती म्हणाली, चला काकू, आत्ताच्या आत्ता माझ्या फोनवरून लावू आणि चांगली झाडू. पण फोनवर मला तुझा आवाज कमी आणि खरखर जास्त ऐकू येते. डावा कान तर गेलाच आहे. तोपखान्याच्या तोफा तेवढ्या ऐकू येतात. त्या जवळ वाजल्या की वारा पश्चिमेचा, आणि लांब वाजल्या की वारा फिरला. एवढंच माझं हवामान. तुम्हाला तिकडे वारा कोण सांगतं?

काल पुंजाकाका पेठहून करवंदं घेऊन आले होते. त्यांना सांगितलं तर हसत सुटले. म्हणाले, वहिनी, आपल्या डोंगरात पोरं झाडावर चढली तरी आपण वरडतो, आन ही शिकलीसवरली पोरगी परीक्षा दिऊन कड्यावरून उडी मारती. मग जाताना म्हणाले, पण लय भारी वाटत आसंल वो.

संक्रांतीला तू क्वार्टरच्या गच्चीवर पतंग उडवायचीस तेव्हा मांज्याची आसारी माझ्या हातात असायची. पतंगाचं दुसरं टोक निदान कुणीतरी धरलेलं असतं. तुमचं कोण धरतं? मनोजरावांना विचार. पापडांवर विनोद सुचतात, याचंही उत्तर सुचेल.

एवढं सगळं लिहून झालं, तरी नको म्हणायला हात होत नाही. कित्येक आठवड्यांनी तू काहीतरी मागितलंस असं लिहिलं आहेस, ती ओळ मी तीनदा वाचली.

तेव्हा माझी अट ऐक. आपल्या घरातून माणूस बाहेर पडलं की पोहोचल्याचं पत्र आलंच पाहिजे. अण्णा चार दिवस गावी गेले तरी टाकायचे. तू परदेशी गेलीस तेव्हाही तुझं पहिलं कार्ड तेच होतं. तर उडून खाली उतरलात, की पोहोचल्याचं एक कार्ड. दर खेपेला. दोन ओळी पुरेत. आणि ज्या खेपेला दोघंही सुखरूप असं लिहिता येणार नाही, तिथून हे बंद. दोघांचंही. शब्द दे, मग मी गवार शिजवते.

दोघांनी जिवाला जपा. आईला विसरू नका.

तुझी,
आई

•

इन्सब्रुकजवळ
दि. ८ जून १९९८

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शब्द दिला. गवार शिजव.

मनोज म्हणतो की आमचं दुसरं टोक आमच्या कमरेलाच बांधलेलं असतं, त्यामुळे आसारी धरायला कुणी लागत नाही. हे उत्तर तुला आवडणार नाही असं मी त्याला सांगितलं. वारा सांगायला उतरण्याच्या कुरणात काठीवर कापडाची एक लांब पिशवी टांगलेली असते. ती कुठे फुगते ते बघून उतरायचं. तुझ्या तोफांइतकं सोपं आहे.

कार्डांचं काही अवघड नाही. गावाचं पोस्ट रोपवेच्या पायथ्याशीच आहे. शनिवारी ते दहालाच बंद होतं आणि मग थेट सोमवारी उघडतं, पण त्याचं काय करायचं ते मी बघते. तू काळजी करू नकोस. तिथल्या बाईंनी मला डोंगराच्या चित्राची कार्डं एकगठ्ठा दिली आहेत. तुला वर्षभर तोच डोंगर बघावा लागेल.

पुंजाकाकांना सांग की हो, लय भारी वाटतं.

आशीर्वादाची ओढ असलेली,
योगिनी

•

(कार्ड)
शनिवार, दि. २० जून १९९८

ती. आईस सा. न. दोघंही सुखरूप पोहोचलो. दुपारी तीनला उतरलो. हवा छान होती. योगिनी

•

देवळाली कॅम्प
दि. ८ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. योगिनीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीचा फराळ पोहोचला का? चकल्या डब्याच्या तळाशी, भोवती वर्तमानपत्र कोंबलं आहे. मोडल्या तर मनोजरावांनी गप्प खाव्यात.

तुझी आजवर चौदा कार्डं झाली. अण्णांनी पत्रांसाठी वाकवलेली ती जुनी तार खुंटीवर अजून आहे, तिच्यावर ओवून ठेवते. एकाखाली एक चौदा वेळा तोच डोंगर. वाल्मीक आता फाटकाचीही वाट बघत नाही. कोपऱ्यावरूनच सायकलची घंटा वाजवत ओरडतो, पोहोचले हो काकू, पोहोचले! सगळ्या आळीला कळतं. लष्करातल्या नव्या भाडेकरूंच्या बायकोने परवा विचारलं, की तुमची मुलगी दर आठवड्याला नक्की कुठे पोहोचते.

पाऊस असला की कार्डाऐवजी तुझं लांबलचक पत्र येतं, तेही आवडतं. पाकीट उघडायच्या आधी मी शिक्का वाचते. अण्णांची सवय लागली ती लागली. ते म्हणायचे, मजकूर माणूस लिहितो, शिक्का पोस्ट मारतं, म्हणून आधी शिक्का वाचावा. कुठून निघालं, कुठल्या तारखेला, कितीच्या टपालात. त्यांनी मला उन्हाळ्याच्या दुपारी बसवून हे शिकवलं होतं. दुसऱ्या बायकांचे नवरे सिनेमाला न्यायचे.

एक विचारते, राग मानू नकोस. तुझ्या प्रत्येक कार्डावर हवा छानच कशी असते? तिकडे शनिवारी ढग येतच नाहीत का?

इकडे थंडी पडायला लागली. तोफा सकाळी फार स्वच्छ ऐकू येतात.

दोघांना सुखी बघायची इच्छा असलेली,
आई

•

इन्सब्रुकजवळ
दि. २ डिसेंबर १९९८

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चकल्या अख्ख्या आल्या. मनोजला बोलायला काही उरलं नाही, म्हणून तो दिवसभर उदास होता.

ढगांचं तू बरोबर पकडलंस. यापुढे ढगही लिहीन.

बाहेर कालपासून बर्फ पडतं आहे, उडायचा प्रश्नच नाही. तेव्हा वर कसं असतं ते आज लिहून बघते. पळताना पाय जमिनीवर असतात आणि मग पळणं चालू असतं, पण जमीन नसते. पहिल्यांदा मी हवेत कितीतरी वेळ तशीच पाय मारत होते, सगळे खालून हसत होते. नंतर सगळं शांत होतं. फक्त दोऱ्यांमधून वारा वाजतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकल्यासारखा. खाली गाव, चर्च, गाई. एखादा मोठा पक्षी शेजारून जातो आणि मान वळवून बघतो.

तिथे असताना मला बाळाची आठवण येते, आई. खाली येत नाही असं नाही. पण खाली ती आली की मी हातातलं काम जोरात करायला लागते. वर करायला दुसरं काहीच नसतं, म्हणून मी तिला येऊ देते. रडूही येतं कधीकधी. आणि मग उतरायचं असतं, तेव्हा डोळे पुसून वाऱ्याकडे लक्ष द्यावं लागतं. हे मी मनोजलाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं मला वेग आवडतो.

लोभाची भुकेली,
योगिनी

•

(कार्ड)
शनिवार, दि. १२ जून १९९९

ती. आईस सा. न. दोघंही सुखरूप पोहोचलो. दोनला उतरलो. थोडे ढग होते, पण हवा चांगली. योगिनी

•

देवळाली कॅम्प
दि. १० जुलै १९९९

चि. सौ. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

१२ जूनच्या कार्डानंतर काही नाही. कार्ड नाही आणि पत्रही नाही. ज्योत्स्ना म्हणते, काकू, तिकडेही पावसाळा असेल. पण पाऊस असला की तू लिहितेस. तिच्या फोनवरून दोनदा लावला, तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

वाल्मीक आता घंटा वाजवत नाही. फाटकापाशी सायकल थांबवतो आणि नुसती मान हलवून पुढे जातो.

मला काहीही कळलं तरी चालेल, असं म्हणत नाही. पण न कळणं जास्त आहे. एक ओळ लिही. कुणाच्याही हातून लिही.

तुझी,
आई

•

इन्सब्रुक
दि. १४ जुलै १९९९

ती. आईस,
योगिनीचा नमस्कार.

तुझं पत्र वाटेत असेल, हे मला माहीत आहे. ते यायच्या आत मला हे लिहायला हवं.

मनोज पडला. आता धोका नाही, हे आधी लिहिते. कंबरेचं हाड आणि उजवी मांडी मोडली. दोन शस्त्रक्रिया झाल्या. कालपासून कुबड्यांवर दहा पावलं चालतो. डॉक्टर म्हणतात की चालेल, पण काठी लागेल. उडणं त्याचं संपलं.

१२ जूनला, शनिवारी झालं. मी आधी उतरले होते आणि पंखाची घडी घालत होते. दुपारी डोंगराच्या पोटातून वारा चढतो, त्या दिवशी तो लवकर चढला. मनोज झाडाच्या उंचीवर असताना त्याच्या पंखाची एक बाजू मिटली. मी बघत होते. गवत कापून वाळत घातलेलं होतं, त्या ढिगाच्या कडेला पडला म्हणून वाचला.

आता दुसरं. तारीख तू पाहिली असशील. १२ जूनचं कार्ड तुला मिळालं असेल आणि त्यात दोघंही सुखरूप असं आहे. ते कार्ड मी सकाळी टाकलं होतं, वर जाण्याच्या आधी. सगळीच कार्डं मी सकाळी टाकत आले. पोस्ट दहाला बंद होतं. उतरून टाकलं तर सोमवारपर्यंत पडून राहणार आणि तू दोन दिवस जास्त वाट बघणार, म्हणून पहिल्याच शनिवारी मी तसं केलं. नंतर सवयच झाली. उतरल्याची वेळ, हवा, ढग, सगळं मी खाली काउंटरवर उभी राहून मनाने लिहायची.

मनोजला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आणि बाहेर बाकावर बसल्यावर मला ते कार्ड आठवलं. ते तुझ्याकडे निघालं होतं. सोमवारी मी पोस्टात जाऊन ते परत मागितलं. तिथल्या बाईंनी माझा हात धरला आणि सांगितलं, की पिशवी शनिवारीच गेली. त्यानंतर महिनाभर माझ्याने तुला काहीच लिहवलं नाही. ज्योत्स्नाताईंचा नंबर दोनदा फिरवला आणि ठेवून दिला. फोनवर काय सांगणार होते? की तुझ्या तारेवरचं एकही कार्ड खरं नाही?

तुला दिलेला शब्द मी पाळते. दोघांचेही पंख विकायला काढले आहेत. जे झालं ते तुझ्या अटीत बसतं. तू रागावण्याआधी मीच स्वतःवर पुरेशी रागावले आहे.

क्षमा कर, असं लिहायलाही संकोच वाटतो.

योगिनी

•

देवळाली कॅम्प
दि. २९ जुलै १९९९

चि. सौ. योगिनीस,
आईचे अनेक अनेक आशीर्वाद.

मनोजरावांना माझा आशीर्वाद आधी दे. मेथीचे आणि डिंकाचे लाडू पाठवले आहेत. हाडं सांधतात. मोडले तर हसू नका म्हणावं, हसल्याने कंबर दुखेल.

तुझं पत्र आलं तेव्हा वाल्मीक फाटकापाशीच थांबला. मी उभ्यानेच वाचलं. जिवंत आहेत एवढं त्याला सांगितलं, तेव्हा तो गेला. मग आत येऊन मी रडले. आता लिहिते.

कार्डांचं मला माहीत होतं, बाळ.

पहिल्या दोन कार्डांवरचा शिक्का पुसट होता. तिसऱ्यावर स्वच्छ आला. तारीख आणि पुढे नऊ. सकाळच्या नऊच्या टपालात पडलेल्या कार्डावर तू लिहिलं होतंस की तीनला उतरलो. वाल्मीकनेही शिक्का वाचला होता, अण्णांचाच चेला तो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. पुढच्या कार्डाला तो कोपऱ्यावरून ओरडत आला, पोहोचले हो काकू.

मी तुला का विचारलं नाही, ते सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात अण्णा भाताच्या लावणीला गावी गेले. गावात पोस्ट नव्हतं, पेठपर्यंत चालत यावं लागे, आणि तिथून इकडे पत्र यायला आठवडा. तरी दुसऱ्याच दिवशी दारात कार्ड, सुखरूप पोहोचलो, लावणी जोरात आहे. मला केवढं कौतुक. दर पावसाळ्यात तसंच. पुढे त्यांनीच हौसेने मला शिक्के वाचायला शिकवलं. एका दुपारी ते कामावर असताना मी तारेवरची जुनी कार्डं काढली आणि शिकलेलं करून बघितलं. सगळ्यांवर शिक्का देवळाली कॅम्पचा. गृहस्थ एसटीत चढायच्या आधी आपल्याच पोस्टाच्या पेटीत टाकून जायचे.

मी त्यांना कधी बोलले नाही. ते गेले तेव्हाही नाही. एवढा शिक्क्यांचा माणूस, पण आपल्याच कार्डावरचा शिक्का बायको वाचेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. तू तर त्यांचीच मुलगी. तिसरं कार्ड हातात घेऊन मी ओट्यावर बसून एकटीच हसले होते.

तरी कार्डं खोटी नव्हती. सकाळी नऊला तू मला लिहायला उभी आहेस, म्हणजे मागच्या शनिवारी धड उतरली होतीस. मी एक आठवडा मागे राहून मोजत होते. म्हणून १२ जूनचं कार्ड आलं तेव्हा मी निवांत होते, आणि १९ चं आलं नाही, पत्रही आलं नाही, तेव्हा घाबरले ती १२ जूनसाठी.

तुझ्यावर मी रागावले नाही. महिनाभर गप्प राहिलीस, त्यासाठी थोडी रागावले आहे. पंखांचं तुझं तू ठरवलंस, त्यावर मी आज काही म्हणत नाही. भीती अजून ताजी आहे.

एकमेकांना धरून राहा.

तुझी,
आई

•

इन्सब्रुकजवळ
दि. २० फेब्रुवारी २०००

ती. स्व. आईंस,
मनोजचा सा. न. वि. वि.

जावयाने सासूबाईंना परस्पर पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे. हस्ताक्षराला हसू नये. लाडू संपले. एकही मोडला नव्हता, दात मात्र मोडता मोडता वाचले.

मी काठी घेऊन कारखान्यात जातो आहे. बर्फावर घसरत नाही. मला हवेची आठवण येते, पण खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच उडायला लागलो होतो. ती पडद्यांमागून बाहेर येईना, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नव्हतं. म्हणून माझं उडणं गेलं त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

माझा पंख ऑगस्टातच गेला. तिचा तळघरात आहे. घ्यायला माणसं दोनदा आली. पहिल्याला तिने सांगितलं की तो ओला आहे, वाळल्यावर या. दुसऱ्याला सांगितलं की अजून वाळला नाही. सहा महिने झाले, आई. एवढ्या वेळात गोदावरी वाळेल.

ती तक्रार करत नाही, तीच अडचण आहे. शनिवारी सकाळी खिडकीशी उभी राहते, डोंगराकडे बघते आणि मग भांडी फार जोरात घासते. मी म्हटलं, जा. तर म्हणते, आईला शब्द दिला आहे. मी पडलो, त्याची भीती तिला वाटते की नाही, हे मी विचारलं. म्हणाली, वाटते, पण ती वेगळी गोष्ट आहे.

मी तुमच्याकडे काही मागत नाही. तुम्ही ज्या अटी घातल्या त्या योग्यच होत्या, आणि माझ्याकडे बघितलं तर फारच योग्य होत्या. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. या पत्राचं तिला सांगू नये.

आपल्या आशीर्वादाने उभा असलेला,
मनोज

•

देवळाली कॅम्प
दि. ५ मार्च २०००

चि. सौ. योगिनीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मनोजरावांचं पत्र आलं. तुला सांगू नका असं त्यांनी लिहिलं आहे, तेव्हा सांगितलं असं त्यांना सांगू नकोस.

तीन दिवस विचार केला. तू जोरात भांडी घासतेस हे मला इथे बसून ऐकू येतं. कान गेला असला तरी. मागच्या हिवाळ्यात तू लिहिलं होतंस, की खाली आठवण आली की हातातलं काम जोरात करते. ते पत्र मी काल परत काढून वाचलं.

उड असं मी तुला म्हणणार नाही. ते माझ्या तोंडून निघायचं नाही, आणि निघालं तर ते खोटं असेल. पण उडू नकोस हे जे मी तुझ्याकडून लिहून घेतलं होतं, ते परत घेते. अट माझी होती, तेव्हा मोडायचा हक्कही माझाच. पुढे काय करायचं ते तू तुझ्या वाऱ्याला आणि मनोजरावांना विचारून ठरव.

पतंगाचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असतं असं मी म्हटलं होतं. आता ते काठी घेऊन खाली उभे राहू शकतात. त्यांना म्हणावं, आसारी तुमच्या हातात.

आणि एक. पोहोचल्याचं कार्ड उतरल्यावरच टाकायचं. पोस्ट बंद असेल तर असू दे. सोमवारी टाक. मी दोन दिवस जास्त वाट बघीन. तेवढी वाट बघायला मी तयार आहे, याचा विचार अण्णांनी कधी केला नाही आणि तूही केला नाहीस. मला सोमवारचा शिक्का हवा.

आज तोफा अगदी जवळ वाजत आहेत. तावदानं हलत आहेत. वारा पश्चिमेचा आहे.

वाट बघणारी,
आई

•

(कार्ड)
शनिवार, दि. १३ मे २०००

ती. आईस सा. न. पोहोचले. मी एकटीच उडाले, मनोज खाली काठीला रुमाल बांधून वारा दाखवत उभा होता. अकरा मिनिटं. हवा चांगली नव्हती, हलत होती, आणि मला भीती वाटत होती. रडलेही. हे कार्ड वर जाताना कोरं होतं, खिशात. कुरणात बसून गुडघ्यावर लिहिते आहे. कोपऱ्यातला हिरवा डाग गवताचा. सोमवारी टाकते. आधी शिक्का वाच. योगिनी